एकेका मॅपवरचं प्रेडिक्शन मार्केट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काउंटर-स्ट्राइक (सीएस) या पाच विरुद्ध पाच जणांच्या गोळीबाराच्या गेमचा मेजर, म्हणजे सगळ्यात मोठा सामना-सोहळा, आला की मित्रमंडळी तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी रात्री मॅच बघत बघत अर्धवट उत्तरं देत बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. बहुतेक उदाहरणं सीएसचीच आहेत, कारण मला तोच गेम नीट कळतो आणि मॅप, म्हणजे ज्या मैदानावर खेळ होतो, त्या गोष्टीला तिथेच सगळ्यात जास्त वजन आहे. आधीच सांगतो, इथे लिंक नाही, रेफरल कोड नाही, टिप नाही. का नाही ते खाली कायद्याच्या प्रश्नात येईलच.

मॅप मार्केट म्हणजे नक्की काय?

मॅच कोण जिंकणार हा एक प्रश्न. पण मॅच बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे आधी दोन मॅप घेणाऱ्याची, असली की आत दोन किंवा तीन मॅप होतात आणि प्रत्येक मॅप ०-० पासून नव्याने सुरू होतो. "दुसरा मॅप अमुक टीम जिंकेल का?" असा सरळ हो-नाही प्रश्न, त्यावर जो सौदा चालतो ते मॅप मार्केट. 'हो'चा एक शेअर घेतला आणि तसं झालं तर एक डॉलर मिळतो, नाही झालं तर शून्य. तोच शेअर आत्ता ६२ सेंटला मिळत असेल तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के.

प्रोबो हे आपल्याकडचं हो-नाहीवर पैसे लावायचं ॲप वापरलेल्यांना हे लगेच कळेल, तिथे हो आणि नाही मिळून १० रुपये व्हायचे, इथे मिळून एक डॉलर होतो.

म्हणजे सट्टाच ना? बुकीपेक्षा वेगळं काय?

खिशातून पैसे गेले की सट्टाच, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. फरक रचनेत आहे. बुकी स्वतः भाव लावतो, तुमच्या विरुद्ध स्वतः उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या भावात आपला कट घालून ठेवतो. प्रेडिक्शन मार्केटमध्ये समोर दुसरा कोणीतरी माणूस किंवा त्याचा बॉट असतो. एकजण म्हणतो मी 'हो' ६२ ला घेतो, दुसरा म्हणतो मी 'नाही' ३८ ला घेतो, दोघांचे मिळून १०० सेंट झाले की सौदा जुळला. प्लॅटफॉर्मला फक्त फी मिळते, कोण जिंकलं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. शिवाय शेअर मधेच विकून बाहेर पडता येतं, अर्थात घेणारा असेल तर.

सगळ्यात गाजलेली दोन नावं म्हणजे पॉलिमार्केट आणि काल्शी. पॉलिमार्केट २०२० ला सुरू झालं, ते क्रिप्टोवर चालतं, यूएसडीसी नावाच्या डॉलर-कॉइनमध्ये, आणि २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स वाल्या नियामकाने त्यांना १४ लाख डॉलरचा दंड लावला होता. काल्शीने उलटा रस्ता धरला, आधी त्याच नियामकाची परवानगी घेतली आणि मग दुकान उघडलं. ही कल्पना मात्र जुनी आहे, आयोवा युनिव्हर्सिटीने १९८८ पासून निवडणुकांवर असा छोटा बाजार चालवलाय.

आणि हो, "हे तर मटकाच झालं" असं घरात कोणी म्हणालं तर हसू नका. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत आकडा लावायचे तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या ओपन-क्लोज भावावर, म्हणजे परदेशातल्या एका आकड्यावर इथे बसून पैसे लावणं हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

भाव म्हणजे शक्यता, हे कितपत खरं?

मोठ्या मॅचच्या विनर मार्केटमध्ये बऱ्यापैकी खरं, मॅप मार्केटमध्ये जरा जपून. कारण डेप्थ, म्हणजे समोर घेणारे-विकणारे किती आहेत ते. स्क्रीनवर मोठ्ठा ६३ दिसतो, पण ऑर्डर बुक, म्हणजे लावलेल्या भावांची यादी, उघडून बघा, घेणारा ५५ ला बसलाय आणि विकणारा ६३ ला. तो ६३ म्हणजे कोणीतरी घाईत विकणाऱ्याच्या भावाला उचललेले वीस-पंचवीस शेअर, दुसरं काही नाही. अशा वेळी मधला आकडा धरायचा, म्हणजे ५९, आणि तोही चार टक्के इकडे-तिकडे समजून. खालच्या लेव्हलच्या टुर्नामेंटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मॅपच्या मार्केटवर कधीकधी इतका शुकशुकाट असतो की एकट्या माणसाची ऑर्डर 'बाजाराचं मत' म्हणून झळकते, आणि मग लोक त्याचे स्क्रीनशॉट टाकून म्हणतात बघा मार्केटला काहीतरी कळलंय. कुणालाही काही कळलेलं नसतं.

मॅच विनरचा भाव आहेच, मग मॅपचा वेगळा कशाला?

कारण मॅचचा भाव हा मॅपच्या भावांचं मिश्रण असतो आणि मिश्रणातून मूळ वस्तू दिसत नाहीत. सोपं गणित बघा. एखादी टीम प्रत्येक मॅप ६० टक्के वेळा जिंकते असं धरलं तर बेस्ट ऑफ थ्री ती ६४.८ टक्के वेळा जिंकेल, बेस्ट ऑफ फाइव्ह साधारण ६८ टक्के. मॅपला ७० टक्के असेल तर बेस्ट ऑफ थ्री ७८.४ वर जातो. म्हणजे सिरीज जितकी लांब तितका चांगल्या टीमचा फायदा आणि एकेका मॅपचा भाव मॅचच्या भावापेक्षा ५० च्या जवळ असणार. हे माहीत नसलेला माणूस म्हणतो "अरे मॅचला ६५ आणि पहिल्या मॅपला फक्त ६०, स्वस्त मिळतंय!" स्वस्त नाहीये रे, गणित आहे ते.

पण खऱ्या आयुष्यात तिन्ही मॅपला सारखी शक्यता नसतेच. कोपनहेगन मेजर २०२४ ची फायनल आठवा, नावी विरुद्ध फेझ, सीएस२ चा (सीएस:गोनंतरची नवी आवृत्ती) पहिलाच मेजर. एन्शंट हा मॅप नावीने १३-९ घेतला, मिराजवर फेझने त्यांना २-१३ असं धुतलं, आणि लगेच पुढच्या इन्फर्नोवर नावी १३-३. तीच दहा माणसं, तीच संध्याकाळ. मॅच विनरचा आलेख त्या दिवशी कुठे कुठे फिरला असेल याची कल्पना करा. आणि मिराजवर मार खाल्लेली टीम इन्फर्नोवर काय करणार हा प्रश्न मिराजच्या स्कोअरवरून सुटत नाही, त्याला इन्फर्नोच बघावा लागतो. मॅप मार्केटची गरज आहे ती इथे.

व्हेटो झाला की भाव एकदम का उडतो?

हा खरा मुद्दा आहे, म्हणून इथे जरा निवांत बसू.

सीएस२ मध्ये अ‍ॅक्टिव्ह ड्युटीत, म्हणजे स्पर्धेत चालणाऱ्या यादीत, एका वेळी सात मॅप असतात. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये दोन्ही टीम एकेक मॅप काढून टाकतात, मग एकेक निवडतात, मग परत एकेक काढतात, आणि जो उरतो तो तिसरा, म्हणजे डिसायडर. या काढण्या-निवडण्यालाच व्हेटो म्हणतात. टीमने निवडलेल्या मॅपवर कुठल्या साइडने (बॉम्ब लावणारे टी की अडवणारे सीटी) सुरुवात करायची ते समोरची टीम ठरवते, डिसायडरला त्यासाठी सहसा नाइफ राउंड (फक्त सुऱ्यांचा) होतो. व्हेटो मॅचच्या थोडा वेळ आधी होतो, त्याच्या आधी मॅप मार्केट उघडं असेल तर त्यात 'पहिला मॅप' कुठला हेच कोणाला माहीत नसतं. लोक अंदाजावर भाव लावतात आणि व्हेटो आला की सगळं परत मांडावं लागतं.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. धरा अ टीमची मिराजवर शक्यता ६५ टक्के, न्यूकवर ४०, इन्फर्नोवर ५५. पहिले दोन जिंकणं, पहिला आणि तिसरा जिंकणं, दुसरा आणि तिसरा जिंकणं, हे तीन रस्ते मिळवले तर मॅच जिंकायची शक्यता येते ५५ टक्के. आता पहिले दोन मॅप तेच ठेवा, फक्त डिसायडर इन्फर्नोऐवजी एन्शंट आला आणि तिथे अ टीम ४० वर आहे. मॅचची शक्यता ४७ वर आली! फेव्हरिट टीम बदलली, एकही गोळी न झाडता, आणि तेही जो मॅप कदाचित खेळलाही जाणार नाही त्याच्यामुळे.

म्हणून जाणकार लोक व्हेटो आधी घरी करून बघतात. प्रत्येक टीमचा एक पर्मा-बॅन असतो, म्हणजे जो मॅप ते खेळतच नाहीत आणि पहिल्या फेरीत हमखास काढतात. दोन्ही टीमचा पर्मा-बॅन एकच असला तर गंमत होते, कारण मग एका टीमला तो दुसरीवर ढकलून स्वतःचा बॅन वाचवता येतो. उरलेल्या पाचांत कोण काय निवडेल हे शेवटच्या दोनेक महिन्यांच्या सवयीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. कोच लोकांनाही हे माहीत असतं, म्हणून मेजरसारख्या ठिकाणी कोणीतरी मुद्दाम महिनोन्‌महिने न खेळलेला मॅप काढून ठेवतं आणि सगळ्यांचे अंदाज कोलमडतात. मला स्वतःला मॅचपेक्षा हा भाग जास्त आवडतो, लोकांना बोअर होत असेल.

टीमचा त्या मॅपवरचा रेकॉर्ड किती मनावर घ्यायचा?

थोडा. अ‍ॅस्ट्रालिसने त्यांच्या सुवर्णकाळात लॅनवर, म्हणजे ऑनलाइन नाही तर एकाच ठिकाणी जमून, न्यूकचे सलग ३१ मॅप जिंकले होते, निंजाज इन पजामाजने तर सीएस:गोच्या सुरुवातीला लॅनवर सलग ८७ मॅप, सगळे मॅप धरून. असे राक्षस असतात, पण ते अपवाद. एरवी "या टीमचा अनुबिसवर ८० टक्के विन रेट" असं कोणी म्हणालं की विचारायचं, किती मॅपमधून? पाचपैकी चार असतील तर त्या ८० ला काही अर्थ नाही. आणि कोणाविरुद्ध? ऑनलाइन क्वालिफायरमधले दोन, एक टीम सबस्टिट्यूट घेऊन आलेली, आणि एक खरा. खेळाडू बदलला, त्यातही कॅप्टन बदलला की जुना रेकॉर्ड जवळजवळ रद्दीत.

मॅपही बदलतात. २०२५ च्या जानेवारीत व्हर्टिगो काढून ट्रेन आला, त्याच वर्षी जुलैत अनुबिस जाऊन ओव्हरपास परत आला. असा बदल झाला की पहिले काही आठवडे नव्या मॅपवर सगळ्यांचंच ज्ञान कच्चं असतं आणि भाव ५० च्या आसपास घुटमळतात. ते बरोबरच आहे.

पहिला मॅप जिंकला की दुसऱ्या मॅपचा भावही का वाढतो? तो तर वेगळा मॅप आहे ना?

वरचंच उदाहरण घ्या. अ टीमने मिराज जिंकला तर मॅचची शक्यता ५५ वरून ७३ वर गेली पाहिजे, कारण आता दोनपैकी एकच हवाय. न्यूकचा भाव मात्र नियमाने ४० वरच राहायला हवा. प्रत्यक्षात तो ४५-४६ होतो. यातला थोडा भाग खरा असतो, म्हणजे आज त्यांचा ऑपर (स्नायपर) भन्नाट मारतोय, समोरच्यांचे कम्युनिकेशन विस्कटलेत, हे पहिल्या मॅपवर दिसलं आणि आपण अंदाज सुधारला. बाकीचा भाग नुसता जोश. किती खरा आणि किती जोश हे ओळखणं हाच या बाजारातला सगळा खेळ आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेकांना ते जमत नाही, कॉमेंटेटरचा आवाज चढला की भाव चढतो.

लाइव्ह मॅपमध्ये ८-४ असताना ८० टक्के धरायचे का?

कुठल्या साइडवर ८-४ ते आधी सांगा. न्यूक हा परंपरेने सीटीच्या बाजूचा मॅप, तिथे सीटी साइडवर पहिल्या हाफमध्ये ८-४ म्हणजे 'ठीक आहे' एवढंच. तेच ८-४ टी साइडवर काढलं असेल तर मात्र भारी. अनुबिसवर उलटं, तिथे टी साइड जड. नुसता स्कोअर बघून भाव लावणारे आणि साइड बघून लावणारे यांच्यात रोज पैशांची देवाणघेवाण होत असते, एकाच दिशेने.

दुसरी गोष्ट इकॉनॉमी. प्रत्येक हाफ गेममधल्या ८०० डॉलरच्या पिस्तूल राउंडने सुरू होतो, एके ४७ ला २७०० लागतात, ऑपला ४७५०. हरल्यावर मिळणारा बोनस १४०० पासून वाढत वाढत ३४०० पर्यंत जातो. म्हणजे एखादी टीम राउंड जिंकली पण एकच माणूस वाचला आणि समोरच्यांकडे बोनस भरलेला आहे, तर स्कोअरबोर्ड तिच्या बाजूने आणि पुढचे दोन राउंड विरुद्ध बाजूने अशी स्थिती असते. सीएस२ मध्ये १३ राउंडला मॅप संपतो, सीएस:गोत १६ ला संपायचा, त्यामुळे आता राउंड कमी आणि प्रत्येक पिस्तूल राउंडचं वजन जास्त. भाव आता जास्त उड्या मारतो त्याचं हे एक मोठं कारण.

तिसरी गोष्ट, "संपलं आता" असं कधी म्हणायचं नाही. बोस्टन मेजर, जानेवारी २०१८, फेझ विरुद्ध क्लाउड९, १-१ झालेलं आणि तिसरा मॅप इन्फर्नो. फेझ १५-११ वर, एक राउंड हवा. प्रत्येक राउंड नाणेफेकीसारखा धरला तरी सलग चार राउंड घेऊन बरोबरी करायची शक्यता सोळात एक, त्यानंतर ओव्हरटाइम अर्धी-अर्धी, म्हणजे एकूण बत्तीसात एक, तीन टक्के. क्लाउड९ ने १५-१५ केलं, पहिला ओव्हरटाइमही बरोबरीत, दुसऱ्यात २२-१९ ने मॅप, मॅच आणि अमेरिकेचा पहिला मेजर. म्हणून ३ सेंटचा शेअर हा ३ सेंटचाच असतो, शून्याचा नाही. पण त्याच कारणाने "३ सेंटचा घेऊन ठेवू, आला तर लॉटरी" म्हणणारेही फसतात, कारण बत्तीसातल्या एकतीस वेळा कोणी व्हिडिओ बनवत नाही.

ओव्हरटाइम धरतात का?

मॅप विनरच्या मार्केटमध्ये हो. सीएस२ मध्ये १२-१२ झाले की सहा राउंडचा ओव्हरटाइम, आधी चार घेणारा जिंकला, ३-३ झाले तर परत सहा. व्हॅलोरंट या तशाच गेममध्ये दोनच्या फरकाने जिंकावं लागतं.

मी स्ट्रीम बघत असतो आणि राउंड संपायच्या आधीच भाव हललेला असतो. लफडं आहे का?

लफडं नाही, डिले आहे. तुमच्यापर्यंत स्ट्रीम पोचते ती मुद्दाम घातलेल्या आणि नेटवर्कच्या अशा दोन्ही उशिरानंतर. समोरच्या बॉटकडे मात्र सर्व्हरमधून येणारा थेट डेटा असू शकतो, असा अधिकृत डेटा विकणाऱ्या कंपन्याच आहेत. तुम्हाला बॉम्ब लावताना दिसतोय तेव्हा त्याला तो निकामी झालेला कळलेला असतो. घरी बसून स्ट्रीमवर लाइव्ह मॅप ट्रेड करणं म्हणजे कालचा पेपर वाचून आजच्या शेअरबाजारात उतरणं.

तिसरा मॅप खेळलाच गेला नाही तर? किंवा मॅच अर्धवट थांबली तर?

२-० ला सिरीज संपली तर तिसऱ्या मॅपचं मार्केट कसं मिटवायचं हे त्या त्या मार्केटच्या नियमात लिहिलेलं असतं. कुठे पैसे परत, कुठे दोन्ही बाजूंना ५०-५०. हे दोन्ही सारखं नाही बरं का. तुम्ही ७० ला घेतला असेल आणि ५०-५० ने मिटलं तर शेअरमागे २० सेंट गेले, मॅप न होताच.

यापेक्षा किचकट केस म्हणजे फॉरफिट, मॅच पूर्ण न होता एखादी टीम बाद होणं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शांघायला एक्स्ट्रीम्सलँड टुर्नामेंटमध्ये ऑप्टिक इंडियाचा फोरसेकन हा खेळाडू मॅच चालू असताना चीट सॉफ्टवेअरसकट पकडला गेला, टीम बाद झाली आणि नंतर बंदच झाली. आपल्याकडे ही घटना त्या चीटच्या फाइलच्या नावामुळे मीम म्हणून लक्षात राहिली. पण मार्केटच्या नजरेने बघा, मॅप चालू होता, स्कोअर होता, आणि निकाल टेबलवर लागला. काही नियमांत अधिकृत विजेता मोजतात, काहींत मॅप पूर्ण खेळला गेला पाहिजे अशी अट असते. सर्व्हर बंद पडून जुन्या राउंडपासून परत सुरू करणं, मॅच दुसऱ्या दिवशी ढकलणं, इंटरनेट गेलं म्हणून चार माणसांनी खेळणं, सगळ्याला वेगळं कलम.

निकाल कोण जाहीर करतं हेही बघावं लागतं. पॉलिमार्केटवर यूएमए नावाची पद्धत आहे, त्यात कोणीतरी निकाल मांडतो आणि ठेव ठेवतो, ठरलेल्या वेळात कोणी आक्षेप घेतला नाही तर तोच निकाल पक्का, घेतला तर प्रकरण टोकनधारकांच्या मतदानाला जातं. काल्शीवर एक्स्चेंज स्वतः ठरवतं. सरळ १३-९ लागलेल्या मॅपला काही प्रश्न येत नाही, पण वादग्रस्त मॅपमध्ये शेवटी तुमचा पैसा गेमवर नाही तर एका वाक्याच्या अर्थावर अडकलेला असतो.

फिक्सिंगचं काय? एक मॅप सोडून देणं तर सोपं आहे.

सोपं आहे, म्हणूनच मॅप मार्केटबद्दल सगळ्यात मोठी काळजी हीच. मॅच हरायला खेळाडूला बरंच गमवावं लागतं. दुसरा मॅप हरून तिसरा जिंकला तर मॅच त्याचीच, प्राइझ मनी त्याचा, आणि मॅप विकल्याचे वेगळे. क्रिकेटमधलं स्पॉट फिक्सिंग आपण बघितलंय, तत्त्व तेच.

सीएसमधलं सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरणही एकाच मॅपच्या मॅचचं. ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर ही त्या वेळची अमेरिकेतली तगडी टीम नेटकोडगाइड्स नावाच्या कमी ताकदीच्या टीमकडून सीझन या मॅपवर ४-१६ ने हरली. पैसे रोख नव्हते, बंदुकांच्या स्किन्स लावलेल्या होत्या. पत्रकाराने पुरावे बाहेर काढले आणि जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्हने त्यात सापडलेल्यांना आपल्या स्पर्धांतून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी इसिक ही ई-स्पोर्ट्सची सचोटी बघणारी संस्था निघाली. २०२० मध्ये त्यांनी ३७ कोचना शिक्षा दिल्या, कारण एका बगमुळे कोचला मॅपच्या एखाद्या कोपऱ्यात कॅमेरा ठेवून समोरच्या टीमच्या हालचाली दिसायच्या. हे फिक्सिंग नव्हे, पण बाजाराच्या दृष्टीने परिणाम तोच: तुम्ही ज्या माहितीवर भाव लावताय त्यापेक्षा वेगळंच काहीतरी आत चाललेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. मेजरच्या प्लेऑफच्या मॅपवर मार्केट असायला माझी फार हरकत नाही, तिथे खेळाडूंचे पगार मोठे, नजर मोठी. महिन्याला जेमतेम काही मिळवणाऱ्या पोरांच्या चौथ्या दर्जाच्या ऑनलाइन लीगमध्ये दुसऱ्या मॅपवर मार्केट काढणं म्हणजे त्यांच्यासमोर आमिष टांगणं.

व्हॅलोरंट, डोटा, एलओएल मध्ये पण असंच का?

व्हॅलोरंट जवळचं आहे, तिथेही १३ राउंड, मॅप पूल, व्हेटो. वर एजंट (पात्रं) कुठले घेतले हे आणखी एक पान.

डोटा आणि लीग ऑफ लेजंड्समध्ये जमीन एकच, त्यामुळे 'मॅप १' म्हणजे खरं तर 'गेम १', मार्केटवाले सवयीने मॅप लिहितात. तिथे व्हेटोच्या जागी ड्राफ्ट, म्हणजे हिरोंची निवड, असतो. ड्राफ्ट संपला की गेम सुरू व्हायच्या आधीच भाव हलतो, हिरो काउंटर झाला की नाही यावरून. लीगमध्ये २०२५ पासून मोठ्या स्पर्धांत फिअरलेस ड्राफ्ट आलाय, म्हणजे सिरीजमध्ये एकदा वापरलेला चॅम्पियन परत घेता येत नाही, त्यामुळे पाचव्या गेमला कोणाकडे काय उरलंय हा एक वेगळाच हिशेब झाला. डोटाची आपल्याकडे मोठी लॅन बघायची असेल तर २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोमला झालेल्या ईएसएल वन मुंबईचे व्हिडिओ बघा, क्राउड काय होतं!

आणि बीजीएमआय?

त्यात मॅप आहेत, एरँगल, मिरामार वगैरे, पण एका लॉबीत सोळा टीम असतात. हो-नाहीचं दोन टीमचं गणित लागू होत नाही, सोळा वेगळे शेअर होतात आणि बहुतेकांचा भाव दहाच्या खाली. झोन, म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, कुठे पडला यावर अर्धी कहाणी ठरते.

भारतात हे लीगल आहे का?

नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन मनी गेम बंद, आणि कौशल्य की नशीब हा जुना वादच काढून टाकला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाख, पैसे फिरवणाऱ्या बँका-ॲप्सनाही शिक्षा. नुसता खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. प्रोबोने त्याच महिन्यात पैशांचा कारभार बंद केला, मुंबईच्या ड्रीम११ ने पेड कॉन्टेस्ट बंद केल्या. सेबीने तर त्याच्या आधीच, एप्रिलमध्ये, सांगितलं होतं की ओपिनियन ट्रेडिंग (प्रोबोसारखे हो-नाहीचे सौदे) आमच्या अखत्यारीत येत नाही, तिथे गुंतवणूकदाराचं कुठलंही संरक्षण नाही.

त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळं, खेळ म्हणून स्थान दिलंय. म्हणजे मॅच खेळा, बघा, बक्षीस जिंका, त्यावर पैसे लावू नका. जाहिरातीचं कलम वाचल्यावर लक्षात आलं असेलच की इथे लिंक का नाही. जे स्ट्रीमर अजून डिस्क्रिप्शनमध्ये कोड टाकतायत त्यांनी ते कलम एकदा शांतपणे वाचावं.

गोव्यात कॅसिनो चालतात, मग तिथून?

गोव्याचा परवाना त्या जागेवरच्या टेबलांना आहे. हॉटेलात बसून फोनवरून काय करता त्याला नाही.

व्हीपीएन आणि क्रिप्टो वापरलं तर कोणाला कळणार?

पैसे काढताना ओळख मागितली की प्लॅटफॉर्मलाच कळणार, आणि अकाउंट गोठलं की तक्रार कोणाकडे करणार? इथल्या पोलिसांकडे? शिवाय रुपयांतून बाहेर पैसे पाठवायचे तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स, फुटबॉल पूल असल्या गोष्टींसाठी पैसे पाठवायला सरळ मनाई आहे. नका करू.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, तो तिथून करू शकतो का?

त्याचं तो बघेल, तिथला कायदा तिथे. काल्शीने २०२५ च्या जानेवारीपासून खेळांवरचे करार आणले आणि तेव्हापासून न्यू जर्सी, नेवाडा, मेरीलँड या राज्यांशी त्यांचं कोर्टात चाललंय. राज्यं म्हणतात ही बेटिंग आहे, परवाना घ्या. कंपनी म्हणते आम्ही केंद्राच्या नियामकाखाली आहोत. सिंगापूरला असलेल्या मंडळींसाठी, तिथे पॉलिमार्केट ब्लॉक आहे. आणि तुम्ही त्याला गूगल-पे करून "माझ्या नावाने दादा तूच लाव" म्हणणं हा नातेवाइकांत भांडण लावायचा खात्रीशीर मार्ग आहे.

मग पैसे न लावता यात मजा काय?

भरपूर आहे. एक शीट उघडा. व्हेटो आला की भाव न बघता तिन्ही मॅपला आपला आकडा लिहा, शेजारी त्या क्षणी बाजाराचा मधला आकडा लिहा. मॅप संपला की ब्रायर स्कोअर काढा: तुमची शक्यता आणि निकाल यातला फरक, त्याचा वर्ग. ७० म्हणालात आणि जिंकले तर ०.३ चा वर्ग, ०.०९. हरले तर ०.७ चा वर्ग, ०.४९. जितका कमी तितका बरा. आंधळेपणाने प्रत्येक वेळी ५० म्हणणाऱ्याचा स्कोअर कायम ०.२५ येतो, तेव्हा शंभरेक मॅपनंतर तुमची सरासरी त्याच्या वर असेल तर तुम्ही नाणेफेकीपेक्षा वाईट आहात. हे बऱ्याच जणांचं होतं, विशेषतः आवडत्या टीमच्या मॅपवर.

डेटा कुठून घ्यायचा?

सीएससाठी एचएलटीव्ही, तिथे प्रत्येक टीमचे मॅपवार आकडे, साइडवार राउंड, जुने व्हेटो सगळं फुकट बघता येतं. व्हॅलोरंटसाठी व्हीएलआर, बाकी सगळ्यासाठी लिक्विपीडिया. शेवटच्या तीन महिन्यांचा फिल्टर लावा आणि रोस्टर (टीममधले खेळाडू) बदललेली तारीख आधी बघा. शीटमध्ये व्हेटोचा रकाना वेगळा ठेवा, कोणी आधी बॅन केलं तेही लिहा, आणि ऑनलाइन मॅच लॅनच्या मॅचपासून वेगळ्या रंगात ठेवा, नंतर वेगळं करत बसायला जाम कंटाळा येतो.